चौथ्या तासाला गणित का चुकतं : टाईप वन मधुमेह आणि शाळेतले मार्क

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी सातवीत आहे, वर्षापूर्वी टाईप वन मधुमेह (ज्यात शरीराचं स्वतःचं इन्सुलिन संपत जातं तो) निघाला, सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं इन्सुलिन चालू आहे. आधी गणितात ऐंशीच्या वर मार्क पडायचे, आता पन्नाशीत आलेत. सर म्हणतात, जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला ती नुसती बघत बसते. शाळेत आजाराबद्दल कुणालाच सांगितलेलं नाही, पुढे लग्नाला अडचण नको म्हणून. त्यांचे प्रश्न तीन : मेंदूवर परिणाम झाला का? यंदा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवू नये का? आणि दहावीनंतर लातूरला पाठवायचा विचार सोडून द्यावा का?

दादा, या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो. लेकरू वर्गात बसलेलं असतं तेव्हा त्याची साखर किती असते? तुम्ही दिलेल्या नोंदी सकाळी उपाशीपोटीच्या आणि रात्री जेवणाआधीच्या आहेत. मधले दहा-बारा तास कोरे आहेत, आणि मार्क जातात ते त्याच तासांत. मेंदूची भीती मोठी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो आणि मग या कोऱ्या तासांकडे येतो.

डेन्मार्कमध्ये सहा लाखांहून जास्त शाळकरी मुलांचे राष्ट्रीय चाचण्यांतले गुण तपासून एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टाईप वन असलेली दोन हजारांवर मुलं होती. वाचनात आणि गणितात त्यांचे गुण इतर मुलांच्या बरोबरीचे निघाले. वेल्समधल्या २०२२ च्या अभ्यासाने पुढची गोष्ट दाखवली : या मुलांची शाळा जास्त बुडते, ज्यांची साखर चांगली ताब्यात असते ती अभ्यासात मागे पडत नाहीत, आणि ज्यांची सतत वाढलेली असते ती पडतात. डेन्मार्कच्या शाळांतल्या सोयी आपल्याकडे नाहीत हे मान्य. पण एवढं त्यातून नक्की कळतं की नुसता आजार आहे म्हणून बुद्धी कमी होत नाही.

काही गोष्टींवर मात्र हे अवलंबून असतं. आजार पाच वर्षांच्या आत सुरू झाला असेल, निदानाच्या वेळी लेकरू कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साचून, धापा टाकत अर्धवट शुद्धीत दवाखान्यात गेलं असेल, किंवा साखर उतरून वारंवार झटके आले असतील, तर स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर थोडा परिणाम मागे राहू शकतो. तुमच्या मुलीला अकराव्या-बाराव्या वर्षी निदान झालं आणि झटका कधी आलेला नाही. तिच्या बाबतीत मी मेंदूकडे शेवटी बघेन, घड्याळाकडे आधी.

आता घड्याळ. साडेआठला इंजेक्शन, नऊला भाकरी-भाजी, साडेदहाला परिपाठ, दीडला मोठी सुट्टी. ३०/७० मध्ये दोन इन्सुलिन मिसळलेली असतात. तीस टक्के साधं, रेग्युलर. ते दोन ते चार तासांनी जोरात येतं, म्हणजे साडेदहा ते साडेबारा. सत्तर टक्के एनपीएच, म्हणजे हळू आणि जास्त वेळ चालणारं. त्याचा जोर साधारण चौथ्या तासापासून चढतो आणि पुढे बराच वेळ राहतो, म्हणजे साडेबारापासून दुपारभर. साडेबारा ते दीड या तासात पहिल्याचा जोर पुरता गेलेला नसतो, दुसऱ्याचा सुरू झालेला असतो, आणि नऊची भाकरी जिरून गेलेली असते. तुमच्या शाळेत नेमका याच वेळी गणिताचा तास आहे.

साखर ७० च्या खाली उतरत गेली की मेंदूचा वेग मंदावतो. हात थरथरणं, घाम, भूक ही लक्षणं दिसतातच असं नाही. वर्गात दिसतं ते वेगळंच : हातचा घ्यायचा विसरतो, फळ्यावरचं वहीत उतरवताना ओळ सुटते, सरांनी नाव घेतलं तरी उत्तर उशिरा येतं, कधी विनाकारण रडू किंवा चिडचिड. सरांना हे दुर्लक्ष वाटतं, आणि त्यांना काही माहीतच नसेल तर दुसरं काय वाटणार? शिवाय साखर दिल्यावर मीटरवरचा आकडा पंधरा-वीस मिनिटांत वर येतो, पण विचार करायचा वेग पूर्ववत व्हायला पाऊण तास आणि कधी त्याहून जास्त लागतो. म्हणजे एकदा शुगर लो झाली की गणिताचा तास तर जातोच, पुढचाही अर्धा जातो. आठवड्यातून तीनदा असं झालं तर सहामाहीला मार्क उतरणारच.

हे माझं अनुमान आहे. ते तपासायला साखर मोजायच्या मीटरच्या पट्ट्या लागतील आणि पट्टी महाग पडते, म्हणून रोज सात वेळा तपासा असं सांगत नाही. दोन आठवडे घ्या. पहिले तीन शाळेचे दिवस फक्त बारा वाजता, पुढचे तीन दिवस सव्वा वाजता, त्यापुढचे तीन दिवस तीन वाजता. त्यातल्या दोन रात्री अडीच-तीनला एकेकदा. आकड्याच्या पुढे एक ओळ लिहायची : तेव्हा काय चाललं होतं, आधी काय खाल्लं होतं, झोप येत होती का. अकरा पट्ट्यांत जे चित्र दिसतं ते महिनाभराच्या उपाशीपोटीच्या आकड्यांत दिसत नाही. जमत असेल तर दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर एकदा तरी लावून बघा. दरवेळी काही हजार खर्च करायची गरज नाही, पण अशा कोड्याला तो एकदा लावणं वसूल होतं.

रात्रीचे आकडे मी मुद्दाम मागतो. संध्याकाळच्या इन्सुलिनमधलं एनपीएच मध्यरात्रीनंतर जोरात असतं. सकाळी डोकं दुखणं, अंगातले कपडे घामाने ओले होणं, उठवूनही लवकर न उठणं या खुणा असतील तर रात्री साखर उतरते आहे. मग दिवसाचे पहिले दोन तास झोपेत जातात आणि आपण म्हणतो की पोरगी आळशी झाली.

बारा आणि सव्वा वाजताचे आकडे खरंच ७०-८० च्या आसपास आले, तर उपाय दोन. पहिला आजपासून करण्यासारखा : छोट्या सुट्टीत, म्हणजे बाराच्या सुमारास, १५ ग्रॅम कर्बोदकांचा खाऊ. एक लहान केळ, किंवा तीन-चार साधी ग्लुकोज बिस्किटं. खाऊ नियमाने द्यायचा, साखर कमी वाटली तरच असं नाही. दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून : दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनऐवजी दिवसातून एकदा लांब चालणारं आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट चालणारं इन्सुलिन, म्हणजे बेसल-बोलस. शाळकरी मुलांसाठी माझा कल स्पष्टपणे याच पद्धतीकडे आहे, कारण तिच्यात इन्सुलिन जेवणाच्या मागे चालतं. ३०/७० मध्ये जेवणाला इन्सुलिनच्या मागे धावावं लागतं. अडचण एवढीच की दुपारचं इंजेक्शन शाळेत घ्यावं लागतं, आणि त्यासाठी शाळेला सांगावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहितो. खर्चही बघावा लागेल. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागात आधी विचारून घ्या, सगळं खासगीत घ्यावं लागेल असं धरून चालू नका.

मिश्र इन्सुलिन चालू असेपर्यंत एक पथ्य कडक पाळा : टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, कुठलाही उपवास असो, सकाळचं इंजेक्शन घेऊन नाश्ता किंवा दुपारचं जेवण टाळणं धोक्याचं आहे. मैत्रिणींबरोबर पोरी हळूच उपवास धरतात आणि घरी सांगत नाहीत. म्हणून हे आधीच बोलून ठेवा.

दुसरी शक्यता उलट दिशेची. तीन वाजताचे आकडे २७०-३०० निघाले तर? त्याचं कारण बहुधा ताटात असतं. शालेय पोषण आहाराचं प्रमाण सहावी ते आठवीला दर मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य असं आहे, पहिली ते पाचवीला १०० आणि २० ग्रॅम. पूर्ण वाढणी खाल्ली तर एकट्या खिचडीत सव्वाशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं जातात. घरची ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी चाळीसच्या आसपास देते. म्हणजे एका वाढणीत तीन भाकऱ्या. घरी दीड भाकरीवर जमवलेला डोस या खिचडीला कसा पुरेल? पोषण आहार बंद करा असं मी म्हणणार नाही. लेकराला पंगतीतून उठवून बाजूला बसवणं वाईटच. घरची एक ठरलेली वाटी डब्यात द्या आणि रोज तेवढीच खिचडी, साधारण दोन वाट्या, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं. सोबत घरची उसळ, शेंगदाण्याची चटणी, काकडी. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना दोन शब्द सांगितले की त्या स्वतःहून लक्ष ठेवतात. प्रमाण रोज सारखं राहिलं तरच डोस जमवता येतो.

साखर २७० च्या वर असताना डोकं जड होतं, झोप येते, उदाहरण सोडवायला वेळ लागतो. डोळ्यांच्या भिंगात पाणी ओढलं जाऊन फळाही धूसर दिसतो. अशा वेळी चष्म्याचा नंबर काढायची घाई करू नका. साखर तीन-चार आठवडे स्थिर राहिल्यावर डोळे तपासा, नाहीतर चष्मा फुकट जाईल. लघवीही सारखी लागते. शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था बघून मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. साखर वाढलेली असताना पाणी तोडलं की कीटोनचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा, धोका वाढतो. तिला कितीही वेळा बाहेर जायची आणि बाटली बाकावर ठेवायची मुभा मिळायलाच हवी.

आता शाळेला सांगण्याचा मुद्दा. लग्नाची काळजी मला समजते, आपल्या भागात ती खरी आहे आणि तिला नावं ठेवून ती जात नाही. पण वर्गातल्या एकाही माणसाला माहीत नसताना साखर ४० पर्यंत उतरली तर काय होईल, हे आधी डोळ्यांसमोर आणा. गावभर सांगायची गरज नाही. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, गणिताचे सर आणि शेजारी बसणारी एक समजूतदार मैत्रीण, एवढ्या चौघांना सांगा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर एक पान घ्या : आजार काय, लक्षणं काय, काय करायचं, दोन फोन नंबर. तोंडी सांगितलेलं शिक्षकांची बदली झाली की संपतं, कागद फाइलला राहतो. आजार संसर्गाचा नाही आणि गोड खाल्ल्याने झालेला नाही, ही दोन वाक्यं त्यात ठळक हवीत.

त्या कागदासोबत वर्गातच एक डबी ठेवा, कार्यालयातल्या कुलपात नको. तिच्यात प्रत्येकी १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे, ग्लुकोज पावडरच्या चार पुड्या, बिस्किटाचा एक पुडा, मीटर आणि पट्ट्या. साखर ७० च्या खाली किंवा लक्षणं दिसली पण मीटर हाताशी नाही, तर एक पुडी अर्ध्या ग्लास पाण्यातून, पंधरा मिनिटं बसून राहायचं, पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर दुसरी पुडी. आकडा वर आला आणि जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ असला तर दोन-तीन बिस्किटं. इथे नेहमीची चूक म्हणजे ग्लुकोजऐवजी चॉकलेट देणं. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. दुसरी चूक म्हणजे ‘घरी जा’ म्हणून एकटीला पाठवणं. साखर उतरलेल्या लेकराने एकट्याने वर्गाबाहेरही जायचं नाही. शुद्ध हरपली किंवा झटका आला तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ग्लुकॅगॉनचं, म्हणजे साखर झटकन वर आणणारं, इंजेक्शन मिळत असेल तर २५ किलोच्या आत अर्धा मिलिग्रॅम, त्याहून जास्त वजनाला एक मिलिग्रॅम. पण ते कुणी द्यायचं हे आधी शिकवून ठेवलेलं असेल तरच त्याचा उपयोग.

सरांना आणखी एक विनंती करा : लो झाल्यानंतरच्या पाऊण तासात तिची तोंडी परीक्षा किंवा चाचणी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी घ्या. ही सवलत नव्हे. तिला खरंच किती येतं हे मोजायचं असेल तर एवढं करावंच लागेल.

आता दुसरी बाजू. मार्कही साखर बिघडवतात, आणि हे घरात लवकर लक्षात येत नाही. मार्क कमी आले की आपण रागावतो. साखर जास्त आली तरी आपणच रागावतो. मग लेकरू वही स्वतः भरायला लागतं. १२०, १३०, १४० असे गोल आकडे ओळीने दिसले, आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, १० आला, की समजायचं आकडे मनाचे आहेत, कारण १० म्हणजे तीन महिन्यांची सरासरी २४० च्या आसपास. वहीबद्दल तिला फैलावर घेऊ नका. मीटरच्या मेमरीतले आकडे दोघांनी मिळून बघा. जास्त आकडा आला तर ‘काय खाल्लंस?’ ऐवजी ‘आता किती द्यायचं?’ असं विचारा. परीक्षेच्या ताणाने ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल वाढून साखर चढते, रात्रीच्या जागरणात फरसाण पोटात जातं, खेळ बंद होतो. म्हणजे अभ्यासाचा जोर वाढवल्याने साखर वाढते आणि वाढलेली साखर तोच अभ्यास डोक्यात राहू देत नाही. परीक्षेच्या महिन्यातही संध्याकाळचा अर्धा तास खेळ आणि आठ-नऊ तास झोप यांना हात लावू नका.

तुमच्या मुलीच्या वयात आणखी दोन गोष्टी एकदम येतात. निदानानंतर काही महिने स्वादुपिंड थोडंसं इन्सुलिन बनवत असतं. साधारण वर्षभरात ते संपत येतं आणि डोस वाढवावा लागतो. त्यातच वयात येतानाच्या हार्मोनमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. या वयात दिवसाचं इन्सुलिन किलोमागे एक युनिटच्या पुढे जाणं नेहमीचं आहे. गेल्या वर्षीचाच डोस चालू असेल तर तो अपुरा पडत असेल. तिने पथ्य मोडलं असा आरोप करण्याआधी डोस बघून घ्या.

आणि सगळा दोष साखरेच्या माथी मारण्याआधी तीन रक्ततपासण्या करून घ्या. टाईप वनसोबत थायरॉईडचा आजार बऱ्याचदा येतो आणि तो लेकराला सुस्त, विसराळू करतो, म्हणून टीएसएच. गव्हाच्या ग्लूटेनने आतड्याला होणारा सिलिॲक आजारही येतो, म्हणून त्याची तपासणी. आणि हिमोग्लोबिन, कारण आपल्याकडच्या मुलींत रक्त कमी असणं सर्रास आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सीसुद्धा खोटा वाढलेला येऊ शकतो.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. तिला मागे ठेवलं तर आपण आता इतरांपेक्षा कमी आहोत एवढंच तिला कळेल. फक्त तयारी वेगळी लागते. परीक्षेच्या आठवड्यात नवं इन्सुलिन किंवा नवा डोस सुरू करायचा नाही. पेपरच्या अर्धा तास आधी तपासायचं. १०० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम कर्बोदकांचा खाऊ खाऊन बसायचं. १०० ते १८० असेल तर सरळ आत. लो होईल या भीतीने सकाळचं इन्सुलिन निम्मं करणं ही पालकांची सर्वात नेहमीची चूक आहे. त्याने साखर ३०० वर जाते, दोन वेळा लघवीला उठावं लागतं आणि प्रश्न नीट वाचून होत नाहीत. ग्लुकोजच्या पुड्या पारदर्शक पिशवीत बरोबर. सीबीएसईने २०१७ पासून टाईप वनच्या मुलांना बोर्डाच्या पेपरला खाऊ आणि पाणी बरोबर ठेवायला परवानगी दिली आहे. तुमची मुलगी राज्य मंडळाकडून दहावीला बसेल तेव्हा डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करा. परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. मंजुरीची प्रत परीक्षा केंद्राच्या संचालकांच्या हातात आधीच द्या, पेपरच्या दारात वाद नको.

बुडणाऱ्या दिवसांचंही बघा. तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं की अख्खा दिवस जातो. ओपीडीची तारीख शनिवारची मागा, आणि गणित-विज्ञानाची वही त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडून उतरवून घ्या. आजारपणात जेवण कमी झालं तरी इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. कीटोॲसिडोसिस होऊन दवाखान्यात भरती व्हायला लागलं की आठवडा जातो, आणि ही भरती टाळता येण्यासारखी असते. साखर २५० च्या वर आणि उलट्या, पोटदुखी किंवा खोल श्वास, हे एकत्र दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

राहता राहिलं लातूर. हे आत्ता ठरवायची गरज नाही, आणि स्वप्न सोडायचीही नाही. क्लास, हॉस्टेल, मेसच्या ठरलेल्या वेळा हे सगळं टाईप वनसोबत जमतं, पण चार गोष्टी तिच्या तिला याव्यात : ताटाकडे बघून कर्बोदकांचा अंदाज, त्यावरून डोस, लो झाल्यावर लाज न बाळगता शेजारणीला सांगणं, आणि इन्सुलिन सांभाळणं. शेवटची गोष्ट आपल्या उन्हाळ्यात सोपी नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर राहतं, पण तापमान २५-३० अंशांच्या आत हवं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ अंशांत ठेवलेलं इन्सुलिन निकामी होतं, आणि डोस तोच असूनही साखर का वाढली हे कळत नाही. फ्रिज नसेल तर मोठ्या मातीच्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि सावलीत जिथे वारा खेळतो अशी जागा. बर्फाला थेट लावायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. शाळेचं दप्तर उन्हात राहणार असेल तर पेन त्यात नको.

या चार गोष्टी आठवीच्या सुट्ट्यांपासून एकेक करून तिच्या हाती द्या. तुम्ही शेजारी बसा, पण सुई आणि हिशोब तिचा. दोन आठवड्यांच्या त्या अकरा नोंदी हातात आल्या की खाण्याच्या वेळांसकट डॉक्टरांना दाखवा, आणि इथेही लिहा. आकडे बघून छोट्या सुट्टीचा खाऊ पुरेसा आहे की इन्सुलिन बदलायला हवं, हे जास्त नेमकं सांगता येईल.